माळाकाठची पाच एकर: शेततळं, झटका, सौरपंप आणि काळविटाची वाट

माळकरी

उत्तर सोलापुरात, नान्नज-मार्डी-वडाळा पट्ट्यात, बांधाबांधावर तीन गोष्टी उभ्या राहिल्यात: प्लास्टिकच्या अस्तराचं शेततळं, झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचे क्षणिक ठोके सोडणारं यंत्र) आणि सौरपंप. तिन्ही लागतातच, त्यावर वाद नाही. पण आखणी करताना एकच जीव डोळ्यापुढे असतो, तो म्हणजे शेताचा मालक. माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. पुढे ते १,२२२ वर आणलं. उरलेल्या क्षेत्रात जनावरांचं काय होणार ते आता शेतकऱ्याच्या आखणीवर आहे. माळढोक दिसणं दुर्मिळ झालं, पण काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, घोरपड अजून आहेत आणि ती हद्दीचा दगड बघून चालत नाहीत.

चर्चेसाठी एक रान धरू. पाच एकर, साधारण चौकोनी. दोन एकर डाळिंब, अडीच एकर मालदांडी ज्वारी आणि हरभरा, अर्धा एकर ओढा आणि पड. एका बाजूला वनखात्याचं गवताळ कुरण. ३० बाय ३० मीटरचं शेततळं आहे, ५ एचपीचा सौरपंप येणार आहे, झटका बसवायचा आहे. काय कुठे, किती उंचीवर, किती अंतरावर? कृपया आठवणी नकोत, मापं आणि कारणं द्या.

काळवीटवाट

सुरुवात शेततळ्यापासून करा. कुंपणाची चर्चा सगळे करतात, पण गपचूप जीव जातात ते तळ्यात.

३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्याचा उतार दीडास एक (दीड मीटर आडवं, एक मीटर खोल) धरला तर तळ २१ बाय २१ मीटरचा होतो आणि पाणी मावतं सुमारे १९.७ लाख लिटर. हा उतार ३३-३४ अंशांचा. मातीचा असता तर शेळीसुद्धा सहज चढली असती. त्यावर ५०० मायक्रॉनचा गुळगुळीत कागद अंथरला, तो ओला झाला आणि वर शेवाळाचा पातळ थर आला की खूर धरत नाही, पंजा धरत नाही, माणसाचा अनवाणी पायही धरत नाही. जनावर प्यायला वाकतं, पुढचे पाय सरकतात, आत जातं. मग ते काठाकाठाने पोहत राहतं आणि दमून बुडतं. जनावर तळ्याच्या मधे जात नाही, कडेलाच फिरतं, हे लक्षात ठेवा. बाहेर पडायची वाट कडेला चिकटूनच हवी. पाण्यात मधोमध तरंगता तराफा सोडून उपयोग नाही.

उताराची लांबी ५.४ मीटर येते. वर बांधावर रोवायला दीड मीटर धरा, म्हणजे बाजूची पट्टी ७ मीटरची. कोपऱ्यात उतार तिरपा, ७ मीटरचा पडतो, तिथे पट्टी साडेआठची. रुंदी निदान १ मीटर. चार कोपऱ्यांत चार आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक, अशा आठ पट्ट्या. मग कुठूनही पोहायला लागलं तरी १५ मीटरच्या आत पाय टेकायला जागा मिळते. पट्टी काथ्याच्या जाळीची घ्या, भोक २-३ सेंटिमीटरपेक्षा मोठं नको. मोठ्या भोकात काळविटाचा खूर अडकतो आणि मग पट्टीच फास होते. खालचं टोक वाळूच्या पोत्याने दाबा. दगड बांधू नका, कागद फाटतो.

सूतमाग

सोलापुरात काथ्या कशाला आणायचा? टॉवेलच्या मागावर काठाची कापलेली पट्टी पोत्यांनी पडते. ती पिळून दोर आणि जाळी होते, जवळपास फुकट.

काळवीटवाट

दादा, कल्पना चांगली आहे, पण ते सूत कापसाचं. कापूस पाण्यात एका पावसाळ्यात कुजतो आणि वरून धड दिसत असला तरी जनावराचं वजन पडताच तुटतो. काथ्यात लिग्निन जास्त असल्यामुळे तो पाण्यातही दोन-तीन वर्षं टिकतो. तुमची पट्टी दुसरीकडे कामाला येईल: पाण्याच्या पातळीच्या वर, बांधावर रोवलेल्या भागात, जिथे ती कोरडी राहते आणि दरवर्षी बदलता येते.

काथ्या मिळेपर्यंत ठिबकच्या जुन्या १६ मिमी नळ्या वापरा. दोन नायलॉन दोर, मधे दर २० सेंटिमीटरला नळीचा आडवा तुकडा, गाठ पक्की. ही शिडी लांडगा, कुत्रा, मांजर, माणूस यांना पुरते. खुराच्या जनावराला मात्र ती निसरडी पडते, त्याला काथ्याच लागतो.

गवंडी

शेततळ्याला जाळीचं कुंपण घालताच ना? मग पट्ट्या कशाला?

काळवीटवाट

घाला, १.५ मीटरचं तरी घाला, लेकराबाळांसाठीही ते लागतंच. पण फाटक उघडं राहतं, कुत्री खालून उकरतात, पावसात खांब कलतो. कुंपण चुकलं तर पट्टी आहे. आणि मुळात जनावर तिथे येतं ते तहानेपोटी. बाहेर उथळ पाणी ठेवलं तर ते बांध चढायचे कष्ट घेत नाही. पाणवठ्याचं माप तुम्हीच द्या, तुमचा हात त्यात बसलेला आहे.

गवंडी

बशीसारखा करा, हौदासारखा नको. व्यास २ मीटर, कडेला खोली शून्य, मधे ३० सेंटिमीटर. पाणी मावतं ३१० लिटरच्या आसपास. खाली मुरूम ठोकून घ्या, वर कोंबडजाळी, त्यावर एक-दीड-तीनचं (सिमेंट-वाळू-खडी) काँक्रीट १० सेंटिमीटर जाड. वरचा हात घोटून गुळगुळीत करू नका, खराट्याने आडव्या रेघा ओढा. हौदाचा सरळ कठडा असला की चिमणी, चंडोल, खार आत पडून मरतात आणि पाणी नासतं. बशीत ते होत नाही.

मे महिन्यात दिवसाला १० मिलिमीटर वाफ धरली तर बशीतून रोज तीसेक लिटर उडतं. म्हणून अर्ध्या इंचाचा फ्लोट व्हॉल्व्ह बसवा, पण बशीत नाही. शेजारी झाकणाची छोटी चेंबर करा, खालून पाइपने बशी जोडा, फ्लोट चेंबरमध्ये. उघड्यावरचा फ्लोट गुरं शिंगाने मोडतात.

आठवड्यातून एकदा बशी पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूच्या डासाचं अंडं ते उडता डास हे चक्र सात-दहा दिवसांत पुरं होतं, आठवड्याचा कोरडा दिवस पाळला की ते तुटतं. पाणवठा झटक्याच्या तारेपासून लांब, कुरणाच्या बाजूला आणि उघड्यावर ठेवा. दाट झुडपाला खेटून ठेवला तर काळवीट पाण्याला तोंड लावत नाही, दडलेल्या लांडग्याची भीती असते.

वीजतार

आता झटका. आधी एक गोष्ट ठणकावून: २३० व्होल्टची फेज थेट तारेत सोडणं हे कुंपण नव्हे, सापळा आहे. त्यात पाणी धरायला आलेला माणूसही बळी जातो. काळवीट आणि लांडगा दोघेही १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा त्याचीही जबाबदारी येते.

फरक कुठे पडतो ते समजून घ्या. घरच्या विजेचा प्रवाह सलग असतो, स्नायू आवळलेले राहतात, तार सुटत नाही. झटका मशीनचा ठोका १० मिलिसेकंदांच्या आत संपतो, पुढचा ठोका निदान एक सेकंदाने येतो, आणि ५०० ओहमच्या भारावर ऊर्जा ५ ज्यूलच्या वर जात नाही. त्या एका सेकंदात जनावर मागे होतं. मशीन घेताना हे तिन्ही आकडे पाटीवर छापलेले आहेत का बघा. नसतील तर ते मशीन घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.

पाच एकर चौकोनाचा घेर ५७० मीटर. पाच ओळी म्हणजे २,८५० मीटर तार. २.५ मिमीची जस्ती तार धरली तर ११० किलोच्या आसपास. एवढ्याला १ ते २ ज्यूलचं मशीन पुरतं. काटेरी तारेत करंट कधीच सोडू नका. जनावर झटक्याने मागे ओढतं, काट्यात अडकतं आणि ठोके खात राहतं.

सोलापूरच्या मुरमाड रानात झटका फसतो तो अर्थिंगमुळे. प्रवाह तारेतून जनावरात, जनावराच्या पायातून जमिनीत, जमिनीतून मशीनच्या अर्थपर्यंत असा फेरा पुरा व्हावा लागतो. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठणठणीत, खूर कोरडा, फेरा पुरा होत नाही. लोक म्हणतात मशीन बिघडलं. मशीन ठीक असतं. उपाय दोन. एक, दोन-दोन मीटरच्या तीन जस्ती सळ्या, एकमेकींपासून ३ मीटरवर, पंपाच्या अर्थिंगपासून १० मीटर तरी लांब, जमल्यास ओलसर जागी, पण पाणवठ्यापासून लांब. दोन, पाच ओळींपैकी तीन जिवंत (ठोका असलेल्या) आणि दोन अर्थला जोडलेल्या, आळीपाळीने. मग जनावराचं अंग दोन तारांना एकदम लागलं की जमीन कोरडी असली तरी ठोका बसतो.

तपासायची रीत: मशीन बंद करून त्यापासून निदान १०० मीटर लांब, कुंपणाच्या जिवंत तारेला लोखंडी सळ्या जमिनीवरून टेकवा, मग चालू करा. तारेचा दाब २,००० व्होल्टच्या खाली येईपर्यंत सळ्या वाढवत न्या. आता मशीनच्या अर्थ सळीपासून मीटरभर लांब एक खुंटी ठोकून त्या दोहोंमधला दाब झटक्याच्या मीटरने मोजा. ३०० व्होल्टच्या वर दाखवला तर सळी वाढवा. साधा मल्टिमीटर लावू नका, जळतो.

माळकरी

खालची ओळ किती उंचीवर? डुक्कर खालूनच मुसंडी मारतं, म्हणून सगळे १५ सेंटिमीटरवर लावतात.

वीजतार

३० सेंटिमीटर. त्याखाली जिवंत तार नको.

कारण तुमच्या प्रश्नातच आहे, फक्त जनावरं वेगळी. घोरपड पोटाने सरपटते, तिची पाठ १५ सेंटिमीटरच्या तारेला लागते. कासव ठोका बसला की पळत नाही, अंग आत ओढून तिथेच थांबतं, आणि तार पाठीवरच राहते. खवल्या मांजर तर तारेभोवती वेटोळं घालतं. माणसाला मागे ढकलणारा तोच ठोका या तिघांना जागेवर मारतो, कारण त्यांचा बचाव पळण्याचा नाही, थांबण्याचा आहे.

डुकराचं नाक ३० सेंटिमीटरलाही लागतं. ते जिथे उकरतं त्या टप्प्यात, म्हणजे बहुधा ओढ्याच्या बाजूला, खाली दगडाची एक रांग पुरा. बाकी ओळी ५५ वर अर्थ, ८० वर जिवंत, ११० वर अर्थ, १४० वर जिवंत. काळविटाचा खांदा ७५ ते ८५ सेंटिमीटरवर असतो, ८० ची ओळ त्याच्या खांद्यालाच येते. दर दहा-पंधरा मीटरला पांढरी पट्टी बांधा. रात्री भेदरलेल्या कळपाला बारीक तार दिसत नाही, तो थेट तिच्यात घुसतो.

गवत तारेला टेकलं की दाब गळतो. तणनाशक मारू नका, विळ्याने कापा. महिन्यातून एक फेरी पुरते, श्रावणात दोन.

काळवीटवाट

वीजतार अण्णांच्या मापांना माझं अनुमोदन, फक्त घेर ५७० मीटर ठेवायचं कारण मला दिसत नाही. पीक साडेचार एकरात आहे. ओढा आणि पड कुंपणाच्या बाहेर सोडा. तार वाचते आणि कुरणातून ओढ्याकडे जायची वाट मोकळी राहते. काळवीट एरवी तारेवरून उडी मारण्यापेक्षा खालून वाकून जायला बघतं. वाट सापडली की ते पिकाकडे वळतही नाही.

खरी अडचण एकट्या शेतात नाही. याने कुंपण घातलं, शेजाऱ्याने घातलं, पलीकडच्याने घातलं, आणि तीन कुंपणं मिळून ओढा दोन्हीकडून बंद झाला. मग कळप डांबरी रस्त्याकडे वळतो. म्हणून खांब रोवण्याआधी तिघा शेजाऱ्यांना घेऊन ओढ्याच्या काठाने चाला, लेंड्या आणि पाऊलवाटा कुठे आहेत ते चुन्याने खुणवा, आणि त्या खुणेपासून दोन्हीकडे तीन-चार मीटर सोडूनच पहिला खांब रोवा.

मेंढका

ओढ्याकाठी जेसीबी लावणार असाल तर डिसेंबर-जानेवारी टाळा. लांडगीची पिल्लं त्याच काळात असतात आणि बीळ बहुतेक ओढ्याच्या दरडीत किंवा बांधाच्या कुशीत. ताजी उकरलेली माती, हाडं, पावलांची ये-जा दिसली तर बकेट तिथे टाकू नका. नंतर काम करता येतं.

शेळ्या-मेंढ्या रात्री ठेवायच्या असतील तर झटक्याच्या भरवशावर ठेवू नका. वाघूर (मेंढवाड्याची जाळी) १.८ मीटर उंच, खालची अर्धा मीटर जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून तिच्यावर दगड. लांडगा जाळीच्या बुडाशी उकरतो, पसरलेल्या जाळीवर पाय येतो आणि त्याला उकरता येत नाही.

पंपमिस्त्री

सौरपंपाचा मोठा फायदा इथे कुणी लिहिला नाही: शेतात नवीन तार येत नाही. माळावरच्या पाखराला तारेइतकं घातक काही नाही.

पण त्याची दुसरी बाजू आहे. वीज फुकट झाली की पंप उन्हासोबत सुरू आणि उन्हासोबत बंद. पाणी लागो न लागो. आपला बेसाल्ट खडक आहे, पाणी फक्त भेगांत आणि वरच्या मुरमात. विहीर मार्चमध्येच तळाला जाते, ओढ्यातला डोह आटतो, आणि मग जनावर तुमच्या शेततळ्यावर येतं. म्हणजे शेततळ्यातल्या मरणाचं एक कारण पंपाच्या डब्यात आहे.

कंट्रोलरला बहुधा दोन सेन्सरच्या जागा असतात, टाकी भरल्याचा आणि विहीर आटल्याचा. बसवणारे दोन्हींना तारेचा तुकडा लावून मोकळे होतात, कारण ते सोपं पडतं. दोन्ही सेन्सर मागून घ्या. विहिरीचा सेन्सर पंपाच्या तोंडाच्या निदान दीड मीटर वर लावा, म्हणजे तळाचं पाणी रोज उरतं. युनिव्हर्सल कंट्रोलर मिळत असेल तर तो घ्या. मग उरलेल्या उन्हावर कडबाकुट्टी नाहीतर गिरणी चालते आणि पाणी उपसायचा मोह कमी होतो.

पॅनेलबद्दल एक बारीक गोष्ट. काळ्या चकचकीत काचेवरून येणारा प्रकाश पाण्यावरून येणाऱ्या प्रकाशासारखा ध्रुवित असतो. पाणकिडे त्याला पाणी समजतात आणि काचेवर अंडी घालतात, ती वाळून मरतात. पांढऱ्या रेघांची जाळी असलेलं पॅनेल घेतलं तर हे बरंच कमी होतं. पॅनेल ओढ्याला आणि पाणवठ्याला खेटून बसवू नका, तिथेच हे किडे जास्त.

वीजतार

तारेवरून आठवलं. माळढोक सरळ तारेवर जाऊन आदळतो, लोकांना ते खरं वाटत नाही. या पक्ष्याचे डोळे बाजूला असतात. उडताना जमीन बघायला मान खाली केली की समोरचा भाग त्याला दिसतच नाही. त्यात मोठ्या नराचं वजन १४-१५ किलोपर्यंत, ऐनवेळी वळता येत नाही. धोका एकट्या माळढोकाला नाही, करकोचे आणि क्रौंच यांनाही आहे.

शेतावरून ११ केव्ही जात असेल तर स्वतः हात लावू नका, वीज कंपनीकडे लेखी अर्ज द्या. त्यात दोन मागण्या स्पष्ट लिहा. पहिली, कुरणाच्या बाजूच्या गाळ्यांत (दोन खांबांमधल्या तारेवर) दर १० मीटरला पक्षी-परावर्तक (पाखरांना तार दिसावी म्हणून लावायची खूण), तिन्ही तारांवर आळीपाळीने. दुसरी, लोखंडी आडव्या हाताच्या खांबांवर पिन इन्सुलेटरच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर तारेला इन्सुलेशनचं आवरण. घार किंवा गरुड त्या आडव्या लोखंडावर बसतो, पंख पसरला की तार लागते आणि तिथेच जळतो. घरगुती जोडणी असेल तर उघड्या तारेऐवजी एरियल बंच केबल मागा.

आंबेबहार

डाळिंबावर ड्रोनने फवारणी करायचा विचार असेल तर थोडं थांबा. ड्रोन एकरी १० लिटरच्या आसपास पाण्यात काम उरकतो, ब्लोअरला काही शे लिटर लागतात. औषधाची एकरी मात्रा तीच राहिली तर ड्रोनचा थेंब कित्येक पट तीव्र असतो, आणि तो बारीकही असतो. वाऱ्याने कुरणात गेला तर तिथल्या कीटकांना आणि ते खाणाऱ्या चंडोलांना तो भोवतो. शिवाय डाळिंबाचं झुडूप दाट. फुलकिडे आत, कोवळ्या फुटव्यात आणि पानांच्या खाली, तिथवर वरून मारलेला थेंब पोचत नाही. ज्वारी-हरभऱ्याला ड्रोन ठीक, बागेला नाही. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच केगावला आहे, वेळापत्रकाची शंका तिथे विचारता येते.

डाळिंबाच्या आंबे बहारात फुलं जानेवारी-फेब्रुवारीत. फुलोरी, सातेरी आणि आग्या या तिन्ही माश्या तेव्हा बागेत असतात आणि फळ धरायला त्यांची मोठी मदत होते. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम फुलात मारू नका, कोणत्याही वेळी. बाकी औषध संध्याकाळी, पण अंधार पडल्यावर नको. सूर्य बुडाल्यावर वारा पडतो, थंड हवा जमिनीलगत साचते, आणि बारीक थेंब खाली न बसता त्या थरात तरंगत लांब जातो. एका झाडापाशी पाच मिनिटं उभं राहून फुलं बघा. एकही माशी आली नाही की सुरू करा, सूर्य बुडायच्या आत संपवा. पान हलेल एवढा वारा हवा, आणि तो कुरणाकडून बागेकडे वाहणारा.

खोकड

हरभऱ्याला किंवा कुरणाच्या गवताला यंत्र लावताना मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने कापत या. बाहेरून आत कापलं तर लावे, ससे, पिल्लं मधल्या उभ्या पट्ट्यात गोळा होतात आणि शेवटच्या फेरीत सापडतात. पातं १५ सेंटिमीटरच्या वर ठेवा.

जनावर ओळखून भोंगा वाजवणारा एआय कॅमेरा घेणाऱ्यांसाठी: त्यातला सेन्सर अंगाची उष्णता आणि आजूबाजूची उष्णता यांतला फरक ओळखतो. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी हवा चाळिशीपार, जमीन त्याहून तापलेली, काळविटाच्या अंगाशी फरक उरत नाही. यंत्र आंधळं होतं. उलट वाऱ्याने हललेलं तापलेलं गवत त्याला जनावर वाटतं. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंतच चालू ठेवा, बॅटरीही वाचते. उंची ४५ सेंटिमीटर, तोंड उत्तरेला. रात्री दिसण्यासाठीचा अवरक्त दिवा ९४० नॅनोमीटरचा घ्या, ८५० चा लालसर ठिपका लांडग्याला दिसतो.

माळकरी

सगळ्यांचे आभार. शेततळ्याच्या पट्ट्यांबद्दल एकच शंका राहिली. पावसाळ्यात तळं भरलेलं असतं, मेमध्ये पाणी तळाला. ७ मीटरची पट्टी तेव्हाही पुरते का?

काळवीटवाट

बाजूच्या उतारापुरती पुरते, तळावर नाही. मेमध्ये अर्धा मीटर पाणी उरलं की जनावर २१ बाय २१ च्या सपाट निसरड्या तळावर उभं असतं आणि त्याला पट्टीपर्यंत चालता येत नाही, पाय फाकतात. कोपऱ्यातल्या चार पट्ट्या ९ मीटरच्या घ्या, म्हणजे वाळूचं पोतं तळावर आत येतं. तिथून शेजारच्या पट्टीच्या पोत्यापर्यंत काथ्याची अरुंद पट्टी चारही बाजूंनी तळाच्या कडेने फिरवा. हे काम तळं रिकामं असतानाच होतं, म्हणून गाळ काढायच्या दिवशीच पट्ट्या आणून ठेवा.